टपालाच्या फटीतलं घरटं

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," बार्नबी स्केरिट म्हणाला, "आणि जो ठेवील त्याच्या अकलेवर माझा विश्वास उरणार नाही."

एवढं बोलून त्याने सॉसेज रोलचा निम्मा तुकडा तोंडात कोंबला आणि सगळ्यांना ताटकळत ठेवलं. ही त्याची जुनी खोड. चाळीस वर्षं ऑल्डर्सबीच्या कोर्टात तो न्यायाधीशांच्या पायाशी उपकारकून म्हणून बसला. आज कोर्टाचा शेवटचा दिवस, म्हणून म्हातारा थेट न्यायाधीशांच्या खुर्चीत चढून बसला होता. पुढच्या महिन्यात इमारतीचं हॉटेल होणार होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात म्हणे दारूचा गुत्ता घालणार. निरोपाच्या चहाला जुनी माणसं जमली होती, वीस-बावीस. कारकुनांच्या मेजावर चहाची टाकी धुसफुसत होती आणि ज्यूरीच्या बाकांवर अंड्याचे सँडविच मांडले होते.

डेन्झिल एम्स पिंजऱ्याच्या कठड्याला टेकून बसला होता. तो काही कोर्टाचा माणूस नव्हता. गावचा न्हावी. इथल्या प्रत्येक टाळूवरून त्याची कात्री फिरलेली, म्हणून त्याला कुणी "तू इथं कसा" असं विचारलं नाही. खरं तर तो चहाला आलाच नव्हता. ज्याच्याबरोबर त्याने आयुष्य काढलं तो लायनल फेब्रुवारीत गेला. जाण्याआधी त्याने डेन्झिलचा हात धरून एकच काम सांगितलं होतं: "त्या माणसाला शोध. आभार मान. पत्र पाठवू नकोस, तोंडावर मान." बार्नबी रविवारी लेकीकडे कॉर्नवॉलला कायमचा चालला होता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

तो माणूस बार्नबीच, हा संशय डेन्झिलला पुष्कळ वर्षं होता. दर महिन्याला बार्नबी त्याच्याच खुर्चीत, गळ्याभोवती फडकं बांधून बसायचा. आधी भरघोस केस घेऊन, मग विरळ, आणि हल्ली कानामागच्या चार काड्या घेऊन. पण वस्तरा हातात असताना गिऱ्हाइकाला अडचणीचं विचारू नये, हा न्हाव्याचा धर्म. डेन्झिलने तो पाळला होता.

"सांगा आता," क्लेमंट ओग खेकसला. हा कोर्टाचा जुना पुकारेवाला, आवाज अजून खणखणीत. "पाईक माशाचीच गोष्ट ना? मागल्या नाताळात तो अठरा पौंडांचा होता."

"बावीस," बार्नबी म्हणाला. "आणि मध्ये तोंड घालू नकोस, क्लेम. साल बहात्तर. मार्चची आठ तारीख. वार?"

"बुधवार," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"बुधवार! म्हणजे?"

"अर्धा दिवस!"

सगळे हसले. त्या हसण्यात काहीतरी हळवं होतं. बुधवारी बारा वाजता अख्खं ऑल्डर्सबी दारं लावून घ्यायचं. खाटीक, बेकरीवाला, कापडवाली, बँक, आणि त्यांच्याबरोबर कोर्टाची कचेरीसुद्धा. दुपारी एकला बाजारपेठेत मांजर आडवं गेलं तर त्याची बातमी व्हायची. आता दुकानं आठवडाभर उघडी असतात आणि आत कुणी नसतं.

"तर त्या बुधवारी," बार्नबीने आवाज खाली आणला, "आपल्या सार्जंट प्लम्ट्रीच्या हाती एक रोजनिशी लागली."

डेन्झिलने कठडा घट्ट धरला. रोजनिशी त्याची होती.

सत्तावीस वर्षांचा होता तेव्हा तो. लायनल चौतीसचा, पियानो सुरात लावणारा. शाळांचे, चर्चचे, हौशी बायकांचे. एकाहत्तरच्या मार्चमधल्या एका सोमवारी, न्हाव्याचं दुकान बंद असतं त्या दिवशी, दोघं नदीकाठच्या मासेमारांच्या खोपटात गेले होते. बाहेर धो धो पाऊस. कोपऱ्यातल्या खुर्चीत लायनलचा ह्यूबर्टकाका तोंड उघडं टाकून घोरत होता. ठार बहिरा माणूस. त्या दुपारचं सुख डेन्झिलच्या मनात मावेना, म्हणून त्याने ते रोजनिशीत लिहिलं. तारखेसकट, काकाच्या घोरण्यासकट. आणि पुढच्या महिन्यात वही बसमध्ये विसरला. बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात, छत्र्या आणि कवळ्यांच्या खाली, ती अकरा महिने पडून राहिली. बेवारस म्हणून पोलिसांकडे गेली आणि प्लम्ट्रीने ती वाचली.

कायदा तेव्हा नुकता मवाळ झाला होता. दोन सज्ञान पुरुषांनी बंद दाराआड काय करावं ते त्यांचं त्यांनी बघावं, असं सरकारने चार-पाच वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. मात्र छपराखाली तिसरा माणूस असला की बंद दार उघडं धरलं जाई. तो तिसरा बहिरा आहे की झोपलाय, हे कायदा विचारत नव्हता.

"गुन्हा पक्का," बार्नबी सांगत होता. "फक्त एक मेख होती. या गुन्ह्याला मुदत बारा महिन्यांची. प्लम्ट्रीनं बोटं मोजली. शेवटचा दिवस कोणता? आजचा! फिर्याद लिहून घड्याळात बघतो तर साडेबारा, आणि कचेरी बंद होते बाराला."

"मी अकराला फोन घेतला होता," म्यूरियल गॅदरकोल म्हणाली. ती तेव्हाची टंकलेखिका. चहाच्या टाकीपाशी बसून ती स्वेटर विणत होती. "सार्जंट म्हणाले, लायनल पेरीविरुद्धची फिर्याद आणतोय, थांबून राहा. मी तुम्हाला सांगितलं, स्केरिटसाहेब. आणि तुम्ही मला साडेअकरालाच घरी पिटाळलंत."

"तुझे केस धुवायची वेळ होती, म्यूरियल."

"माझे केस शनिवारी असायचे."

"बरं, बरं. एवढी स्मरणशक्ती बाईमाणसाला शोभत नाही." बार्नबीने पटकन चहाचा घोट घेतला. "तर मी काही कचेरीत नव्हतो. मी होतो नदीवर. बरोब्बर बाराला गळ टाकला, आणि सव्वाबाराला दोरी अशी ताणली गेली की मला वाटलं पाणबुडीच लागली! बावीस पौंडांचा पाईक. त्यानं मला बूट-टोपीसकट पुलाखालून ओढत नेलं—"

"मागच्या खेपेला पुलापर्यंतच नेलं होतं," क्लेमंट म्हणाला.

"मागच्या खेपेला बायका होत्या, घाबरल्या असत्या. मध्ये बोलू नको! इकडे प्लम्ट्री सायकलवर. फिर्याद एक तर मानद न्यायाधीशाच्या हाती द्यायची, नाही तर कचेरीत पोचवायची. न्यायाधीश कोण? गॉस्टलिंग खाटीक. त्याच्या दाराला कुलूप, तो गेलेला मेहुणीकडे पत्ते कुटायला, बारा मैल लांब. दुसरे कर्नल थ्रेल. कर्नल कुठं? चर्चच्या मनोऱ्यात, घंटा वाजवायला."

इथे जुनी मंडळी गालात हसली. ऑल्डर्सबीत घंटांची पूर्ण आवृत्ती म्हणजे पाच हजार फेरे, सलग तीन तास. आठ माणसं आठ दोरांवर. मध्ये एकानेही दोर सोडला तर सगळी मेहनत मातीमोल, चर्चच्या भिंतीवर नावं लागायची ती लागत नाहीत.

"प्लम्ट्री धापा टाकत एकशेदहा पायऱ्या चढला. कर्नल घामाघूम, डोळे मिटलेले. हा म्हणतो, 'साहेब, एक सही.' बाकीच्या सातही जणांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो टोपी काढून भिंतीला टेकून उभा राहिला. पावणेपाचपर्यंत! खून पडला असता तरी त्यानं त्या घंटा थांबवल्या नसत्या. शेवटी कर्नलनं दोर सोडला तर तळहात सोलून निघालेले. लेखणी काय, रुमालसुद्धा धरवेना."

"हे तर खरं आहे," क्लेमंट सगळ्यांना म्हणाला. "मी पाच नंबरच्या दोरावर होतो."

"खरंच आहे सगळं! मग प्लम्ट्री आला कचेरीवर. दाराला कुलूप. पण दारात टपालाची फट आहे ना? फिर्याद फटीतून आत पडली तरी ती कोर्टात पोचली, असा नियम. त्यानं पाकीट काढलं, फटीपाशी नेलं, आणि थबकला. फटीवर एक पुठ्ठा लावलेला." बार्नबीने हवेत दोन बोटांनी चौकोन काढला. "'आत पाखरांनी घरटं केलं आहे. कृपा करून पत्र टाकू नये.'"

डेन्झिलला ते दार डोळ्यांसमोर दिसलं. गडद हिरवं, पितळी फट. अशा पुठ्ठ्यात नवल काहीच नव्हतं. मे महिन्यात गावातल्या एखाद्या तरी दारावर तो असायचाच. निळ्या टोपीची ती अंगठ्याएवढी पाखरं कुठेही घर करतात. पत्रपेटीत, नळकांड्यात, बुटात. पोस्टमन बिचारा मागच्या दाराने जातो.

"प्लम्ट्री माणूस लीड्सच्या गिरण्यांतला," बार्नबी म्हणाला. "आयुष्यात कबुतरांपलीकडे पाखरू बघितलं नव्हतं. पण काळीज इंग्रजाचं! वाकला, फटीला कान लावला. आणि आतून आलं, चिव... चिव चिव. गड्यानं पाकीट परत खिशात घातलं आणि चवड्यांवर चालत निघून गेला. फिर्याद दाखल झाली नऊ मार्चला, सकाळी नऊला. मीच शिक्का मारला."

सगळे पोट धरून हसले. डेन्झिलही हसला, पण सगळ्यांच्या आधी थांबला. कारण पुढचं बार्नबी कधीच सांगत नसे. ते डेन्झिलला पाठ होतं. ते इथेच, याच खोलीत घडलं होतं.

दिवस हुकला म्हटल्यावर प्लम्ट्री चिडला आणि त्याने मुदत नसलेला मोठा आरोप पुढे केला: लायनलने डेन्झिलवर जबरदस्ती केली. पुरावा तीच रोजनिशी, सोयीच्या तेवढ्या चार ओळी. आणि हिशेब असा, की मोठा आरोप टिकला नाही तरी ज्यूरी त्याच्या पोटातल्या लहान आरोपावर दोषी ठरवील. बाजारात म्हैस विकली नाही गेली तर रेडकू तरी द्यायचं, तसं. तशी वहिवाटच होती. शेजारच्या गावचा एक शाळामास्तर असल्याच लहान आरोपावर दोन वर्षं आत गेला होता, आणि सुटून आल्यावर त्याने गॅस उघडा सोडून दिला होता.

जूनमध्ये खटला उभा राहिला. लायनल या पिंजऱ्यात, आता डेन्झिलचं कोपर टेकलं होतं बरोबर तिथे. डेन्झिल समोर साक्षीला. लायनलच्या वकिलाने आदल्या दिवशी बजावलं होतं, "जबरदस्ती नव्हती म्हणालात तर मोठं बालंट टळेल, पण लहान तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल कराल. 'आठवत नाही' म्हणा."

डेन्झिलने शपथ घेतली आणि लायनलकडे बघितलं. लायनल मान हलवत होता: नको, नको.

"कुणी जबरदस्ती केली नाही," डेन्झिल म्हणाला होता. "मी माझ्या मर्जीनं गेलो होतो. आजही जाईन."

सरकारी वकील उठला आणि गोड आवाजात म्हणाला, आता निदान लहान गुन्हा तरी ज्यूरीपुढे ठेवावा. लायनलच्या वकिलाने घाईघाईने कागद उलटले आणि एकच प्रश्न केला: फिर्याद कोणत्या दिवशी दाखल झाली? प्लम्ट्रीला पुन्हा साक्षीला बोलावलं. त्याने शपथेवर सगळं सांगितलं. खाटीक, कर्नल, घंटा, पुठ्ठा. "आणि माय लॉर्ड, मी स्वतः पिल्लांचा आवाज ऐकला." ज्यूरीच्या बारांपैकी नऊ जण शेतकरी. त्या नऊ जणांना त्याच क्षणी एकदम खोकला आला. लंडनहून आलेल्या न्यायाधीशांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या.

मग त्यांनी पंचांग पुढ्यात घेऊन बोटं मोजली. ज्यूरीचा प्रमुख, एक कोंबड्यावाला, उभा राहिला. "मोठ्याचं काही खरं नाही, साहेब. पण ते लहान—?"

"लहान मेलं," न्यायाधीश म्हणाले. "आठ मार्चला मेलं. मेलेल्याचा निकाल तुम्हाला देता येणार नाही."

त्या प्रमुखाने "बरं झालं" असं पुटपुटल्याचं डेन्झिलने ऐकलं होतं. पण लायनल म्हणायचा, तो नुसता शिंकला.

आता समोर म्यूरियलने सुया थांबवल्या होत्या. "पाखरांनी दोन माणसं वाचवली खरी," ती म्हणाली. "पण तीच बारा महिन्यांची मुदत, स्केरिटसाहेब. डबाबंद मटाराच्या कारखान्यातली ती पोर आठवते? तेराव्या महिन्यात आली होती आईबरोबर. मुकादमाविरुद्ध."

हसणं विरलं. बार्नबीने कप खाली ठेवला.

"आठवते," तो म्हणाला. "तिचे कागद मीच परत केले. नियम म्हणजे नियम, असं म्हणालो तिच्या आईला. एकाहत्तरचा नोव्हेंबर." तो न्यायाधीशांच्या मेजावरची धूळ बोटाने पुसत राहिला. "दाराशी पोचेपर्यंत त्या पोरीनं तीनदा मागं वळून बघितलं. मुदत ठरवणारे लंडनला असतात. वळून बघतात ते आपल्याकडे."

क्षणभर तो अगदी साधा म्हातारा दिसला. मग त्याने खांदे झटकले. "तर सांगायचं काय, की पाईक मासा शेवटी—"

"बार्नबी," डेन्झिल म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण न्हाव्याला मध्ये बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळे वळले. डेन्झिल उठून पिंजऱ्यापुढे आला. कोटाच्या खिशातून त्याने एक फुगलेली वही काढली. कातडी बांधणीची, दोरीने बांधलेली.

"सुटून घरी आलो त्या दिवशी लायनलनं मला ही दिली," तो म्हणाला. "एका शब्दानं बोलला नाही मला, त्या रोजनिशीवरून. एवढंच म्हणाला, 'लिहिल्याशिवाय तुला राहवत नाही, तर पाखरांचं लिही. त्यांच्यावर कुणी खटला भरत नाही.' आणि परसात खोका टांगला. निळ्या टोपीवाल्यांसाठी. आपल्याला त्यांनी वाचवलं, म्हणाला, त्यांचं भाडं माफ."

"छान केलंत," बार्नबी म्हणाला. त्याची नजर मात्र दाराकडे गेली.

"सत्तेचाळीस वसंत. दर वर्षी पहिलं अंडं कधी पडलं ते लिहिलंय. सेहेचाळीस दोघांनी मिळून, या वर्षीचं मी एकट्यानं." डेन्झिलने चष्मा चढवला. "त्र्याहत्तर, चोवीस एप्रिल. पंच्याहत्तर, एकोणतीस एप्रिल. शहाण्णव साली तीन मे, गारठा होता. दोन हजार अकरा, अकरा एप्रिल, सगळ्यांत लवकरचं. लायनलनं तर दोनदा चष्मा पुसून बघितलं होतं."

"पाखरंच ती," बार्नबी घाईने म्हणाला. "चुकतात एखाद्या वर्षी. बहात्तर साली थंडी कमी होती, आणि कचेरीत शेगडी असायची, आणि—"

"त्या पाखरांचे आभार मानायला लायनलनं मला पाठवलंय. तोंडावर मान म्हणाला." डेन्झिलने वही मिटली. "तू नदीवर नव्हतास, बार्नबी. आठ मार्चला या देशात निळ्या टोपीचं एकही पाखरू अंडं घालत नाही, पिल्लं तर लांबच. मग त्या बुधवारी, कुलूप लावलेल्या दाराआड, गुडघ्यांवर बसून चिवचिवत होतं ते कोण?"